कासव घरी पोचविल्याची हकीकत

तिसरीच्या छत्तीस लेकरांनी पडद्यावरील कासव घरी कैसे पोचविले, हे सकळांस यथास्थित कळावे म्हणोन ही हकीकत लिहिली असे. पाहिले ते पुरते लिहिले, ऐकिले ते थोडे गाळून लिहिले.

संगणकाच्या बाई नव्या, वयाने लहान आणि आवाजाने त्याहून लहान. त्यांनी तीन महिने अर्ज-विनंत्या करून आठवड्याचा एक तास मिळविला आणि बारा जुन्या यंत्रांची धूळ आपल्या ओढणीने पुसली आणि मग लेकरांस शिकविले की, यंत्र हा बहुत आज्ञाधारक परंतु अक्कलशून्य चाकर. सांगाल तितुकेच करील. मोठ्या बाईंस, म्हणजे खासा मुख्याध्यापिकांस, हा कारभार पसंत नव्हता. त्यांचे फर्मान सुटले की, शुक्रवारी जातीने पाहणी करू. मुलांनी लिहिलेल्या हुकमांवर कासव घंटेआधी घरी पोचले तर तास कायम, ना तरी तो सुलेखनाकडे जाईल. आणि धाकट्या बाईंनी उत्तराचे अक्षर उच्चारू नये. हे ऐकोन धाकट्या बाईंस घास गोड लागेना.

शुक्रवारी लेकरांची फौज जमली. मोठ्या बाई मागल्या खुर्चीवर विराजमान जाहल्या. पडद्यावर माथ्याशी कासव, तोंड खाली. चार पावले उतरावे आणि मग खिडकीच्या बाजूस वळावे, तेथे घर. खिडकी मुलांच्या उजव्या हातास. सबब फौजेने एकमुखाने लिहिले, ‘चार पावले पुढे, उजवीकडे वळ, पुढे चाल.’ कळ दाबली आणि कासव चार पावले उतरले आणि भलतीकडेच वळले आणि भिंतीवर डोके आपटून उभे राहिले.

मग एकच गिल्ला जाहला. "बाई, हे ऐकतच नाही!" "अरे, त्याला प्लीज म्हण ना!" मग ‘प्लीज’ लिहिले, तो यंत्राने तांबडी अक्षरे दाखवून अर्जी फेटाळिली. मग ‘प्लीज’ पुसून ‘उजवीकडे’ दोनदा लिहिले आणि कासव उलटे माघारी निघाले. वकीलसाहेब नामे मुलाने बाक ठोकून निवाडा दिला, "आपलं बरोबरच आहे, कासवालाच उजवं-डावं कळत नाही." मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिले. धाकट्या बाईंनी ओठ दाबून धरिला, न जाणो उत्तराचा शब्द फुटेल.

ते समयी गोगलगाय उठली. ही मुलगी डबा संपवीतो मधली सुट्टी संपे, इतकी सावकाश; सबब हे नाव. ती पडद्यापाशी गेली आणि पडद्यास पाठ लावून फौजेकडे तोंड करून उभी राहिली आणि चार पावले मोजून चालली.

"मी आता कासव. घर कुठंय?"

"खिडकीकडे!"

ती खिडकीकडे वळली आणि वळल्या बाजूचा आपला हात निरखून म्हणाली, "हा तर डावा. आपण इकडून बघतोय. त्याच्या बाजूनं कुणी बघितलंच नाही बिचाऱ्याच्या."

मग वकीलसाहेबांनी स्वहस्ते दोन्ही ‘उजवीकडे’ खोडिले आणि एक ‘डावीकडे’ लिहिले आणि बाहेर शिपाईमामांनी घंटेची दोरी धरिली आणि कासव चालिले, एक पाऊल, दोन पाऊल, जसे पहाटेचे ऊन अंगणात उतरते तैसे निवांत. आणि दारात शिरले आणि मग घंटा जाहली.

धाकट्या बाईंचे डोळे भरले. त्यांनी गोगलगायीस जवळ घेतले, तो ती म्हणे, "बाई, डबा खायला जाऊ? मला उशीर होतो."

मोठ्या बाईंनी हाजिरीच्या वहीत ‘तास कायम’ ऐसे लिहून सही केली आणि वर्ग रिकामा जाहला. मग कोणी पाहत नाही ऐसे जाणोन त्या पडद्यास पाठ लावून उभ्या राहिल्या आणि चार पावले चालल्या आणि खिडकीकडे वळून त्यांनी आपला डावा हात हळूच उचलून पाहिला. खात्री जाहली. येणेप्रमाणे तिसरीचे फौजेस फत्ते लाभली आणि कासव सुखरूप घरी पोचले असे.