बाजू व्हा, मागून न्याय येऊन राह्यला

आमच्या शेजारचे चोपदारकाका भाजीबाजाराला निघाले की सगळ्या गल्लीला कळत असे. ताठ मानेने ते पुढे, हातात पितळी मुठीची, खाली लोखंड ठोकलेली काठी. ती दगडांवर ठकठक वाजायची आणि वरून आवाज असा, की ओट्याखाली निजलेली कुत्रीसुद्धा उठून बसत.

"बाजू व्हा! मागून न्याय येऊन राह्यला!"

मागून गयाकाकू येत. डोक्यावर पदर आणि काखेत भाजीची रिकामी पिशवी.

काकांची सगळी नोकरी नागपूरच्या हायकोर्टात गेली. जजसाहेब आपल्या खोलीतून निघून गादीवर जाऊन बसेपर्यंत त्यांच्या पुढे चांदीच्या मुठीची काठी घेऊन चालायचे, एवढेच चोपदाराचे काम. पेन्शन घेऊन ते वर्ध्याला आले. साहेब तिकडे राहिले, चालणे मात्र सुटले नाही. कोणी दिसो न दिसो, ते ओरडत. गल्लीच्या तोंडाशी नाली होती, तिथे काठी दोनदा आपटत.

माझ्या सासूबाई दारातून विचारत, "काऊन हो काकाजी, नालीत भी जज बसला का?"

"अदब ठेवा, मायबाई," एवढेच म्हणून काका पुढे जात. हसणे त्यांना ठाऊक नव्हते.

चोपदाराने मागे वळून पाहायचे नसते. काकांनी कधी पाहिले नाही. एकदा थट्टा म्हणून सासूबाई काकूंना बाजूला सारून त्यांच्या जागी चालू लागल्या. काका चार पावले गेले आणि समोर बघतच म्हणाले, "हे पाय माह्या घरचे नाईत." सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर बसावे लागले.

संध्याकाळी ते ओसरीवर बसून हायकोर्टाचा इतिहास सांगत. कोणत्या साहेबांनंतर कोणते साहेब आले, हे अगदी क्रमाने. पण तो सगळा इतिहास पायांचा! मी भिंतीच्या अलीकडे तांदूळ निवडत ऐकत असे.

"पहिले साहेब गोरे. बूट असा टाकत, जशी फरशी त्यायच्या बापाची. त्यायच्या मागून आले थे करकरत. त्यायचा बूट वाजला का बाहेर वकिलायच्या गोष्टी बंद. मंग एक साहेब, लय हळवे. फाशीचा निकाल असला का अर्धं पाऊल उशिरा पडे. मले आधीच समजे, आज कोनाचं काय होते थे. मंग स्वराज्य आलं अन् बूट मऊ झाले." हे सांगताना प्रत्येक साहेबांची चाल ते बोटांच्या पेरांनी जमिनीवर वाजवून दाखवत. ऐकून ऐकून मलाही ते साहेब ओळखू येऊ लागले.

"अन् चेहरे कसे होते जी?" सासूबाईंनी एकदा विचारले.

"चेहरे वकिलायनं पाहाचे. आपल्याले पाय."

मग राज्ये नव्याने आखली जाणार असे झाले. नागपूरचे हायकोर्ट मोडणार, काही साहेब जबलपूरला जाणार, काही मुंबईच्या कोर्टात. ज्या दिवशी हे कळले त्या दिवशी काका जेवले नाहीत. पुढे त्यांचे एक जुने सोबती मुद्दाम नागपूरहून आले. म्हणाले, "शेवटच्या दिवशी ये. साहेबायले विचारलं म्या. एक डाव तू चाल पुढं."

काकांचा चेहरा असा उजळला की मला भिंतीवरून दिसला. पण मग ते खाली बघून म्हणाले, "नाई जमत."

सोबती गेल्यावर काकूंचा आवाज आला. "जा ना, बाप्पा! उभा जनम तिथंच काढला."

"अन् तुह्यासमोर कोन चालन? त्याच दिवशी तुले मांडे कराले जाचं हाय."

"लोकायले समजलं तं समजलं."

"समजलं तं आंधयीच्या हातचं कोनी खाईन? तुले कोनी बलावन?"

सुपातले तांदूळ सुपातच राहिले. गावात लग्न असले की उलट्या घातलेल्या मडक्यावरचे मांडे काकूंच्या हातचेच लागत. हात तसेच होते. डोळे गेले होते. काकू काठीच्या आवाजामागून चालत होत्या. नालीपाशी दोनदा ठक, म्हणजे पाय उचल. आणि तो आरडाओरडा कशासाठी, तेही मला तेव्हा उमगले. सगळी गल्ली काकांकडे बघून हसत असे. काकूंकडे कोणी बघतच नसे.

मी मागच्या दाराने गेले आणि म्हणाले, "काकाजी, मी चालीन पुढं."

माझा आवाज आमच्याच घरात कोणाला ऐकू जात नसे. "ओरडून दाखव," काका म्हणाले. मी ओरडले.

"सूनबाई, हे तं मांजरीचं पिल्लू झालं. पोटातून काढ! अन् मागं पाहाचं नाई. पाह्यलं का लोकायले समजते. कानानं पाह्य."

ते पहाटेच्या गाडीने गेले. उन्हे आल्यावर मी काठी घेऊन गल्लीत उतरले. दोन घरे ओलांडेपर्यंत नुसतीच चालले. पण मागे काकूंचा पाय घुटमळला, तो मला स्पष्ट ऐकू आला आणि माझ्या तोंडून निघाले, "बाजू व्हा! मागून न्याय येऊन राह्यला!"

सासूबाई हातात लाटणे घेऊन दारात आल्या. "अगं माय! हिले काय झालं व?" पाण्याला निघालेल्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. सगळी गल्ली मला हसत होती. लाजेने माझे कान जळत होते आणि मी ठकठक चालत होते. नालीपाशी दोनदा. मागचा पाय नीट उचलला गेला. लग्नघरी काकूंनी परातीला हात लावला, तेव्हा कुठे मी काठी खाली ठेवली.

संध्याकाळी परत आलो आणि दोघी ओसरीवर बसलो. काठी माझ्याजवळ असल्यामुळे काका गल्लीत आलेले आज कळणार कसे, असे माझ्या मनात येत होते. इतक्यात काकू म्हणाल्या, "आले."

मला कोणीच दिसत नव्हते.

"थकले बाप्पा. डावा पाय घासून राह्यले."

बऱ्याच वेळाने नालीपाशी काका दिसले. हात रिकामे, डावा पाय खरेच ओढत होते. वाटेतली माणसे बाजूला झाली नाहीत. तेही ओरडले नाहीत.

"कसे होते जी शेवटचे साहेब?" मी विचारले.

"मी पुढं होतो," काका म्हणाले. "पन साहेब दारापाशी आले अन् थांबले. लय वेळ. मी भी थांबलो. मंग निघाले." त्यांनी बोटांनी ओसरीवर ती चाल वाजवायला घेतली आणि मध्येच हात उचलला.

मी काठी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. काकूंच्या शेजारी बसले. काकूंनी चाचपत त्यांचा डावा पाय शोधला, मांडीवर ओढून घेतला आणि दाबू लागल्या.

मी काठी भिंतीला टेकवली आणि घराकडे निघाले. मागे पाहायचे नसते, हे मी त्या दिवशी शिकले होते.