जोडबूस्टर आणि फेट्याचा तुरा

गिरिधर मास्तरांनी घरात जाहीर केलं, की भावनाच्या साखरपुड्यात ते असं काही वाजवतील, की अख्खा जुना जालना हातातला पेढा हातातच विसरेल!

बोलण्याला तसं कारणही होतं. महिनाभर मस्तगडच्या घरी बसून ते पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात गिटारचं पेडल बनवत होते. गिटारचा आवाज वाढवणाऱ्या सर्किटला बूस्टर म्हणतात. मास्तरांकडे असे दोन होते. एक आवाजाला धार आणायचा, दुसरा आवाज भरदार करायचा. या दोघांना एकाच डब्यात नांदवायचं, अशी त्यांची कल्पना. प्रत्येक बूस्टर दहापट, म्हणजे दोन मिळून वीसपट, असा त्यांनी हिशेब मांडला. वीस वर्षं आठवीला गणित शिकवणाऱ्या माणसाच्या हिशेबावर शंका कोण घेणार?

बायकोनं, ताराबाईंनी, हिशेबावर घेतली नाही, पण माणसावर घेतली. भावना त्यांच्या भावाची मुलगी. माहेरच्या माणसांसमोर हसं झालं, तर गिटार माळ्यावर जाईल आणि परत खाली येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगून टाकलं. मास्तरांनी मान्य केलं. सतरा वर्षांत नातेवाइकांपैकी एकानंही त्यांचं वाजवणं शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. एकदा तरी कुणी ऐकावं, एवढंच त्यांना मनापासून वाटत होतं.

साखरपुड्याच्या दिवशी मास्तरांनी पेडलची वायर हॉलच्या मोठ्या स्पीकरांना जोडली. स्टेजच्या मागे एक खोली होती, तिथल्या एकुलत्या एका खुर्चीवर पेडलला जोडलेली गिटार ठेवली. खोलीच्या खिडकीला लागून जनरेटर धडधडत होता. आयत्या वेळी धांदल नको, म्हणून दोन्ही बूस्टरची बटणं आधीच दाबून ठेवली. दोन लाल दिवे लागले. मास्तर समाधानानं पुढं येऊन बसले.

आणि नेमके अंगठीच्या वेळेला बद्रीनाथराव रुसले!

बद्रीनाथराव म्हणजे मुलाचे थोरले चुलते. मुलाकडचं पान त्यांच्याशिवाय हलत नसे. ते एकाएकी उठले आणि स्टेजमागच्या खोलीत निघून गेले. भावनाचे वडील मच्छिंद्र हात जोडून मागे धावले. चहा गार होता का, खुर्ची मागं लागली का, काही कमीजास्त बोललं गेलं का, सगळं विचारून झालं. उत्तर एकच, "काही न्हाई." आता 'काही न्हाई' म्हणणाऱ्या चुलत्याइतकं भयंकर लग्नकार्यात दुसरं काही नसतं! मुलाचे वडीलही म्हणाले, दादा आल्याशिवाय अंगठी नाही. भावना मान खाली घालून बसली होती. तिचे डोळे भरून आले.

समजूत काढायला बद्रीनाथरावांच्या पत्नी चतुराबाई खोलीत गेल्या. तिथं इतका वेळ उभेच असलेल्या बद्रीनाथरावांनी खुर्ची रिकामी करायला गिटार उचलली, मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावर वाकून बसले. मास्तरांची गिटार जुनी. तिच्या तारांखालची, आवाज टिपणारी वेटोळी सैल झालेली, त्यामुळे जवळ कुणी बोललं तर ती ते बोलणंही जरासं पकडायची. पण इतकं बारीक, की मास्तरांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

हॉलमध्ये आवाज घुमला.

"सगळ्यांच्या फेट्याला तुरा. मलाच न्हाई."

पंखे थरथरले. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी छताकडं बघून हात जोडले. मास्तरांना आपला हिशेब आठवला. दहा आणि दहा वीस नव्हे, दहा दाहे शंभर! एकाचा वाढलेला आवाज दुसऱ्यानं पुन्हा वाढवला होता, इथं बेरीज नव्हती, गुणाकार होता! खरं तर त्यांना लाज वाटायला हवी होती. पण ते तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. पोह्यांच्या डब्यातून हे निघत होतं!

"मंग सांगायचं ना सरळ," चतुराबाईंचा आवाज आला.

"या वयात तुरा मागू? या पोराला खांद्यावर खेळवलंय म्या. त्याच्याच कार्यात मी बिनतुऱ्याचा बसू का?"

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. दोनशे माणसांत कुणीही हसलं नाही. नवरा मुलगा रुमालात तोंड घालून बसला. मच्छिंद्रनी गुपचूप आपल्या फेट्याचा तुरा काढला आणि ते मागं गेले. मास्तरांनी धावत जाऊन वायर उपटली. खोलीतल्या दोघांना मात्र जनरेटरच्या धडधडीत यातलं काहीच कळलं नव्हतं.

बद्रीनाथराव तुरा लावून बाहेर आले, ते थक्क होऊनच. "हिच्याबिगर म्या कोणाला बोललोच न्हाई," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तरी यांनी मनातलं वळखलं. असे सोयरे मिळायला नशीब लागतं." दोनशे माणसं जमिनीकडं बघू लागली. अंगठ्या घातल्या गेल्या.

आता आपली पाळी, म्हणून मास्तर उठले. ताराबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "अहो, एक तार वाजली तरी बद्रीनाथरावांना कळंल, त्यांचं बोलणं सगळ्यांनी कसं ऐकलं ते." हे म्हणताना त्या नवऱ्याकडं अशा कौतुकानं बघत होत्या, जसं सतरा वर्षांत बघितलं नव्हतं. त्या नजरेपुढं मास्तर मुकाट्यानं बसले.

तिसऱ्या दिवशी केदारखेड्याहून आदिनाथ पाटलांचा फोन आला. ओळख ना पाळख, पण बोलण्यात विलक्षण आदर होता. त्यांच्याकडं रविवारी लग्न पक्कं करायचा सुपारीचा कार्यक्रम होता आणि व्याही लई रुसके होते. मास्तरांनी आपला डबा आणि गिटार घेऊन यायचंच, जाण्यायेण्याचा खर्च त्यांच्याकडं. गिटार फक्त मागच्या खोलीत खुर्चीवर ठेवायची.

मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी चाचरत विचारलं, सगळं पार पडल्यावर शेवटी एखादं गाणं वाजवू का?



"न्हाई मास्तर," पाटील नम्रपणे म्हणाले, "चांगल्या कार्यात विघ्न कशाला?"