आईचं क्लोराइड

रक्ताचा रिपोर्ट वाचायला डॉक्टर कशाला हवा? मी दुकानांचे वजनकाटे तपासतो. आकडा हद्दीत आहे की बाहेर, एवढंच तर बघायचं! रिपोर्टवाले बिचारे चुकलेला आकडा स्वतःच ठळक छापतात.

आईच्या रिपोर्टमध्ये असा एकच ठळक आकडा होता. क्लोराइड, एकशे अकरा. हद्द एकशे सहा.

"क्लोराइड म्हणजे क्लोरीन," मी घरात जाहीर केलं. "आणि क्लोरीन कुठे असतं? पोहण्याच्या तलावात!"

आईचा चेहरा उतरला. साठी उलटल्यावर ती पोहायला शिकली होती. जन्मभर आमच्या डब्यांच्या, शाळांच्या, औषधांच्या वेळा सांभाळल्यावर सकाळचा तो एक तास तिने स्वतःसाठी काढला होता. येत्या रविवारी ती पहिल्यांदाच खोल बाजूने तलाव पार करणार होती.

"अरे, पण पोहायला लागल्यापासून मला किती बरं वाटतंय!"

"कातडीतून शिरतं ते!" मी ठणकावलं. "तलाव बंद!"

"डॉक्टरांना विचारलंत?" बायको म्हणाली.

"त्यांना कशाला उगाच त्रास?"

मग मी हात धुऊन नळाच्या मागे लागलो. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतंच की! म्हणून पाणी उकळायचं आणि पसरट भांड्यांत उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. दोन दिवसांत घरभर भांडी झाली. टीव्हीपुढे पातेलं, पलंगाखाली परात, कपाटावर टोप. बायकोचा पाय परातीत पडला, तेव्हा ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरात जिकडे तिकडे पाणी, आणि प्यायला घोटभर नाही! जे होतं ते एक तर कोमट, नाहीतर त्यात चिलट पोहत असायचं.

"निदान त्याला तरी पोहू दे," आई म्हणाली.

शुक्रवारी दुपारी आई खुर्चीतून उठली आणि दाराची चौकट धरून तशीच उभी राहिली.

"डोळ्यांपुढे अंधारी आली रे."

तिचे ओठ कोरडे पडले होते. माझी पाचावर धारण बसली. सगळी हुशारी गुंडाळून ठेवून मी तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला, नाडी पाहिली, जीभ पाहिली. "काकू, पाणी किती पिता?"

आई मग हळूच म्हणाली, "पोहायला जायचं म्हणून सकाळी पीतच नाही. मध्येच बाहेर यावं लागलं, तर ओल्या कपड्यांनी सगळ्यांसमोरून जायचं म्हणजे... लाज वाटते हो. घरी आल्यावर कामात राहून जातं. आणि आता तर याची ही पातेली!"

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "क्लोराइड हा मिठातलाच एक भाग. मिठाचं पाणी आटलं की जास्त खारट लागतं ना? शरीरातलं पाणी कमी पडलं की रक्तात तसंच होतं. किडनीचा त्रास, जुलाब, काही औषधं, अशीही कारणं असतात, पण यांच्या बाकीच्या तपासण्या ठीक आहेत. तलावाचा काही संबंध नाही. पाणी वाढवा, मग परत तपासू."

"म्हणजे मी पोहू?" आईने एवढंच विचारलं.

"बरं वाटलं की जरूर. पण पाणी पिऊन!"

घरी येताना मला फार वाईट वाटत होतं. रिपोर्टमधला प्रत्येक आकडा मला पाठ होता, पण तू दिवसभर काय खातेस, काय पितेस, हे मी आईला कधी विचारलंच नव्हतं. तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

"जाऊ दे रे. काळजीपोटीच केलंस ना? आता ती परात तेवढी उचल."

तो रविवार हुकलाच. पण पुढच्या तपासणीत आकडा हद्दीत आला आणि आई खोल बाजूला उतरली. मी काठावर उभा. मध्यावर तिचा वेग मंदावला, मी काठाकाठाने दोन पावलं पुढे सरकलो. ती थांबली नाही. हात मारत मारत तिने पलीकडची कड धरली आणि धापा टाकत लहान मुलीसारखी हसली. मला राहवेना! बेंबीच्या देठापासून मी ओरडलो, "आई, पाणी पी! भरपूर पी!"

तलावातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. शिट्टी फुंकत प्रशिक्षक धावत आला.

"अहो, काय सांगताय त्यांना? इथलं पाणी पिऊ नका म्हणून मी रोज सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडतोय!"