अण्णांचा बाटलीचा स्टँड

सायकलच्या दुकानात शिरले की अण्णा बाटली अडकवायचा स्टँड मागून घेतात. त्यात घरून आणलेली भरलेली बाटली खुपसतात, सगळं उलटं करतात आणि कानाजवळ नेऊन गदागदा हलवतात. आजूबाजूची गिऱ्हाइकं दोन पावलं मागे सरकतात. मग अण्णा निकाल देतात, "शेट, हालतंय!"

अण्णा माधवनगरात आमच्या शेजारी राहतात. उभा जन्म त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवली. त्यामुळे सोफ्यावर बसले तरी उजवा पाय ब्रेक दाबत असतो. बसतात म्हणायचं आपलं! चहा येईपर्यंत ते आमच्या खिडक्यांच्या कड्या तपासतात, पंख्याचा आवाज ऐकून त्याचं आयुष्य किती उरलंय ते सांगतात. काकू नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्यापासून ही चुळबूळ फारच वाढली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. अण्णांनी सायकल घेतली आणि सोबतीला मला धरलं. रोज सकाळी ते पुढे, मी मागे.

पहिला प्लास्टिकचा स्टँड रेल्वे फाटकाच्या रुळांवर मोडला. दुसरा ॲल्युमिनियमचा, तो स्क्रूपाशी तडकला. साताऱ्यात चांगला माल मिळतो असं कुणीतरी सांगितलं, तर मला घेऊन एसटीनं थेट सातारा! तिथल्या दुकानदारानं मोठ्या कौतुकानं कार्बनचा काळाभोर स्टँड पुढे केला.

"काका, फुलासारखा हलका आहे."

"वजन माझ्या पोटाचं उतरवायचंय रं, स्टँडचं न्हाई. बाटली धरतो का, ते सांग."

शेवटी जाड स्टीलच्या सळीचा एक पसंत पडला. त्यातून बाटली काढायला दोन्ही हात लागायचे, त्यामुळे पाणी प्यायला उतरावं लागे. अण्णा तहानलेले, पण खूश. तरी रोज निघताना स्क्रू पिळायचेच.

"आवं अण्णा, पडलीच बाटली तर उचलू की," मी एकदा वैतागून म्हणालो.

"तू गप पेडल मार."

मागच्या रविवारी आम्ही दंडोबाच्या डोंगरावरून उतरत होतो. कॉलेजच्या पोरांचं टोळकं आरडाओरडा करत आम्हाला ओलांडून गेलं. खड्ड्यात एकाची सायकल उडाली, बाटली निसटून रस्त्यावर पडली, अण्णांच्या चाकाला चुकली आणि नेमकी माझ्या पुढच्या चाकाखाली आली. मी रस्त्यावर आडवा.

डोळे उघडले तर अण्णा चढावरून धापा टाकत माझ्याकडे पळत येत होते. त्यांची सायकल खाली रस्त्यात तशीच पडलेली.

"उठू नगंस! डोकं आपटलं का? माझ्याकडं बघ."

गुडघा सोलला होता, मनगट मुरगळलं होतं. बाकी ठीक होतो. अण्णांनी माझ्या सायकलची बाटली काढून घाईघाईनं जखमेवर पाणी ओतलं, निम्मं माझ्या बुटात गेलं. ज्याची बाटली होती तो पोरगा माफी मागत आला. आता त्याची खैर नाही, असं मला वाटलं. अण्णांनी बाटली उचलून त्याच्या हातात दिली.

"बाटली पडती पुढच्याची," ते हळूच म्हणाले, "आन् आपटतो मागचा. माज्या मागं ह्यो असतो, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाय लांब करून घरात बसलो होतो. अण्णा आले. रोजच्यासारखे बूट, डोक्यावर हेल्मेट.

"एवढ्यात फिरून आलात?" मी विचारलं.

त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"फाटकापातुर गेलो. मागं वळून बघितलं, कोण न्हाई. मग काय जाऊ वाटंना गड्या."

बायकोनं चहा आणला. तो संपला, तरी अण्णा बसूनच होते.