शंभरपैकी चौतीस

रविवारी संध्याकाळी पाच वाजता आप्पासाहेबांच्या पुढच्या खोलीत टेलिव्हिजनच्या पडद्यावर एक पांढरा चौकोन दिसला. साडेपाचला रंगनाथने त्याला शंभरपैकी चौतीस गुण दिले. पास व्हायला पस्तीस लागतात.

साल १९७३, महिना जुलै, गाव नगर. मुंबईत टेलिव्हिजन सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं आणि नगरपर्यंत त्याचं काहीच पोचत नव्हतं. तरीही आप्पासाहेबांनी मुंबईहून संच आणलाच. कर्जतची शेती आणि नगरचं ऑइल इंजिनांचं दुकान सांभाळणाऱ्या या गृहस्थांना गावात कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या घरी आधी आलेली खपत नसे. संच त्यांनी रस्त्याकडच्या खिडकीत तिरका मांडला. जाणाऱ्या-येणाऱ्याला तो दिसायला हवा होता. त्यात काही दिसतं की नाही, हा प्रश्न वेगळा. दिसत होत्या मुंग्या. रोज संध्याकाळी आप्पासाहेब बटण दाबत आणि काळ्या-पांढऱ्या मुंग्या घरभर खरखरत. आळीतले लोक जाता जाता विचारत, ‘‘काय आप्पासाहेब, आज साखर सांडली वाटतं?’’

त्या खिडकीत पूर्वी आप्पासाहेबांच्या पत्नी मालनबाईंचं शिवणाचं मशीन असे. टेलिव्हिजन आला आणि मशीन गेलं मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठीशेजारी. तिथे सुईत दोरा ओवायचा तर मालनबाईंना अंगणात जावं लागे आणि ओवून परत येईपर्यंत तो निसटे. त्या नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. फक्त त्याचे सगळे लेंगे एका पायाने थोडे आखूड शिवू लागल्या.

अशात मिशन शाळेतले चित्रकलेचे शिक्षक आमोस यांची बहीण एलिझाबेथ शिकागोहून रजेवर आली. तिथे ती नर्स होती. येताना तिने एक खेळ आणला होता. डबा टेलिव्हिजनला जोडायचा, आत टॉर्चचे सहा सेल घालायचे आणि वायरीने लोंबणाऱ्या दोन खोक्यांवरच्या मुठी फिरवायच्या, की पडद्यावर दोन पांढरे चौकोन एकमेकांकडे चेंडू टोलवतात. मैदान म्हणून पडद्यावर एक हिरवा प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचा. आमोसकडे टेलिव्हिजन नव्हता. आप्पासाहेबांकडे होता, पण त्यावर दाखवायला काही नव्हतं. लग्न जमायला याहून जास्त काय लागतं?

आप्पासाहेबांनी सगळी आळी बोलावली आणि रंगनाथला खास बोलावलं.

रंगनाथ नगरच्या एका दैनिकात होता. नाटक, तमाशा, सर्कस, शाळेचं गॅदरिंग, गावात जे काही उभं राहील त्याचं परीक्षण तो लिही आणि खाली गुण देई. कथानक, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, प्रत्येकी पंचवीस. पस्तिसाच्या खाली नापास. दिलेला गुण त्याने आजवर बदलला नव्हता. एका सर्कशीतल्या हत्तीला त्याने अभिनयात चार दिले होते. दुसऱ्या दिवशी सर्कसवाले दैनिकाच्या कचेरीत विचारायला आले, तेव्हा हत्तीही सोबत होता. चारचे चारच राहिले.

खेळ सुरू होण्यापूर्वी आप्पासाहेब खुर्चीवर उभे राहून बोलले. ‘‘मंडळी, हितं लिहिणारं मानूस बसलंय. त्यांनी ह्याला पास केला तर टीव्ही खिडकीतून हलनार न्हाई. नापास केला, तर टीव्ही कोठीच्या कोपऱ्यात अन् मशीन परत खिडकीत. चारचौघात शब्द देतो.’’

मालनबाई पोह्यांची परात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी रंगनाथच्या बशीत आणखी एक डाव वाढला.

आता एक अडचण निघाली. खेळ अमेरिकेचा, संच इथला. चित्र जागेवर राहीना. विहिरीच्या रहाटासारखं खालून वर चढायचं आणि पुन्हा खालून यायचं. संचाच्या पाठीमागे एक बारीक बटण होतं. ते बोटाने दाबून किंचित फिरवलेलं धरलं तर चित्र थांबे. बोट काढलं की पुन्हा रहाट. आपला टेलिव्हिजन, तेव्हा बोटही आपलंच, म्हणून आप्पासाहेब स्वतः मागे जाऊन उभे राहिले. अर्धा तास आमोस आणि एलिझाबेथ खेळले, आळी टाळ्या वाजवत होती, आणि यजमान भिंतीकडे तोंड करून विचारत होते, ‘‘काय चाललंय? कोन पुढं हाय?’’

रंगनाथने पाहिलं आणि जागेवरच गुण मांडले. कथानक तीन, कारण चेंडू जातो आणि येतो. अभिनय सात, डावा चौकोन उजव्यापेक्षा बरा वाटला. नेपथ्य चौदा, तो हिरवा कागद खरोखरच देखणा होता. प्रकाशयोजना दहा. खिडकी पश्चिमेची, ऊन सरळ पडद्यावर, आणि निम्मा वेळ चेंडू कुठे आहे हे एलिझाबेथच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागत होतं. बेरीज चौतीस. त्याने ती दोनदा केली.

मंगळवारी परीक्षण छापून आलं. आप्पासाहेबांनी ते दुकानात उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं आणि तडक कचेरीत आले. रागावले नव्हते. पोराचा निकाल लागल्यावर बाप मास्तरांकडे जातो, तसे आले होते.

‘‘रंगनाथराव, एका मार्कानं काय हुतंय? बोर्डसुदिक ग्रेस देतं.’’

‘‘बोर्डाचं बोर्डाला, आप्पासाहेब. मी बेरीज दोनदा केली आहे.’’

‘‘मग तिसऱ्यांदा करा की. कुटंतरी सापडंल.’’

रंगनाथने नकारार्थी मान हलवली. आप्पासाहेब शब्दाचे पक्के होते. त्याच संध्याकाळी दोन हमाल लावून त्यांनी टेलिव्हिजन कोपऱ्यात नेला आणि मशीन खिडकीत आणलं.

इथवर सगळं रीतसर झालं होतं. बुधवारी सकाळी रंगनाथ त्या रस्त्याने सायकलवरून जात होता. मालनबाई खिडकीत मशीनवर बसल्या होत्या, चेहऱ्यावर उजेड आणि समाधान. समोर केशकर्तनालय, तिथे पाचसहा जण दाढीला बसले होते. मालनबाईंनी खिडकीतून मोठ्याने हाक मारली.

‘‘भावजी, तुमचे लई उपकार झाले. आता तुमच्या बुशशर्टाची बाही चांगल्या उजेडात शिवते बघा.’’

बुशशर्टाचं रंगनाथ साफ विसरला होता. महिन्यापूर्वी त्याने कापड शिवायला दिलं होतं. अंधारामुळे काम रखडलं होतं, हे खरं. पण केशकर्तनालयात वस्तरे थांबले. दुपारपर्यंत अख्ख्या माळीवाड्याला समजलं, की रंगनाथने टेलिव्हिजन नापास केला तो स्वतःच्या शर्टासाठी. संध्याकाळी संपादकांनी त्याला बोलावलं, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं, ‘‘किती मीटरचा आहे?’’

रंगनाथने रात्री जेवताना विचार केला. गुण तसेच ठेवले, तर शर्टासाठी नापास केलं असं होतं. एक गुण वाढवून दिला, तर आप्पासाहेबांकडच्या पोह्यांसाठी पास केलं असं होतं. ते त्याने दोन बश्या खाल्ले होते, आणि तेही अख्ख्या आळीसमोर. हत्तीचं प्रकरण सोपं होतं. हत्तीने त्याला काही शिवून दिलं नव्हतं, की खाऊ घातलं नव्हतं.

शुक्रवारी वाट काढली ती आमोसनी. ते सावकाश बोलणारे गृहस्थ. म्हणाले, ‘‘नापास झालेल्या मुलाला आपण ऑक्टोबरला बसवतोच ना? बसवा याला. पण यावेळी परीक्षकाने स्वतः खेळून पाहावं. नुसतं बघून मी कुणाच्या चित्राला नापास केलेलं नाही, निदान कागद हातात घेतो.’’

हा मुद्दा रंगनाथला पटला. ऑक्टोबरची परीक्षा पुढच्याच रविवारी ठरली, वेळ तीच. रंगनाथ घरून जेवून गेला आणि पाण्याचा तांब्याही स्वतःचा नेला.

एलिझाबेथची रजा संपून ती शिकागोला गेली होती. रंगनाथसमोर बसायचं कोणी? आमोसना मैदानाचा कागद चिकटवायचा होता, आप्पासाहेबांचं बोट ठरलेल्या जागी हवं होतं. शेवटी मालनबाई पदर खोचून बसल्या. बसताना म्हणाल्या, ‘‘मला काय येतंय ह्यातलं.’’

कोठीच्या कोपऱ्यात ऊन नव्हतं. संच सुरू झाला आणि रंगनाथ पुढे वाकला. चौकोन खडीसाखरेसारखे लख्ख होते. चेंडू या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट दिसत होता. हिरवा कागद मागून उजळून असा दिसत होता, की दुष्काळाने जळालेल्या त्या नगरात एवढं हिरवं एका ठिकाणी कुणी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

मालनबाईंनी मूठ धरली. वीस वर्षं मशीनचं चाक हाताने आवरून जिथे हवा तिथे टाका थांबवणारी ती मूठ. पहिला चेंडू रंगनाथच्या चौकोनाला चुकवून गेला. दुसराही. तिसरा रंगनाथने अडवला, तेव्हा मालनबाई म्हणाल्या, ‘‘आता कसं,’’ आणि चौथ्याला त्यांनी त्याला पुन्हा चुकवलं. खेळ स्वतः गुण मोजत नसे. ते आमोस पाटीवर मांडत होते. थोड्या वेळाने त्यांनी मांडणं सोडलं, कारण पाटीची एक बाजू भरली होती आणि दुसरीवर काही नव्हतं.

‘‘कोन पुढं हाय?’’ मागून आवाज आला.



रंगनाथने हरलेल्या हाताने गुण मांडले. कथानक, अभिनय, नेपथ्य यांत तत्त्वतः फरक नाही. प्रकाशयोजना दहावरून सतरा. एकूण एकेचाळीस. स्वच्छ पास, शर्टाचा संबंध नाही, पोह्यांचा तर नाहीच. त्याला हलकं वाटलं. तो उठून जाहीर करणार, एवढ्यात त्याची बेरीज करण्याची जुनी सवय आड आली.

त्याने ती मोठ्याने केली. खेळ पास झाला, तर आप्पासाहेबांच्या शब्दाप्रमाणे टेलिव्हिजन परत खिडकीत जाणार. खिडकीत ऊन. उन्हात प्रकाशयोजनेला दहा. म्हणजे चौतीस, म्हणजे नापास. नापास झाला, की तो कोपऱ्यात येणार. कोपऱ्यात अंधार. अंधारात एकेचाळीस.

आमोसनी पाटी पालथी केली.

‘‘म्हंजे पास झाला का न्हाई?’’ संचामागून आप्पासाहेबांनी विचारलं. बोट हललं असावं. चित्र एकदा वर गेलं.

‘‘खिडकीला पडदा लावला तर?’’ रंगनाथने सुचवलं.

‘‘पडदा लावून खिडकीत ठिवायचा? मग रस्त्यावरून कुनाला दिसनार? शब्द म्हंजे शब्द. पास झाला की खिडकीत, उगडा.’’

मालनबाईंची मूठ अजून खोक्यावरच होती. त्या पडद्याकडेच बघत म्हणाल्या, ‘‘भावजी, मग काईच लिवू नका. हाय तसं राहू द्या. अन् बसा जरा, आनखी एक डाव होऊ द्या. मघाशी तुमी खेळत हुता का निजला हुता?’’

संपादकांनी सोमवारच्या अंकात या परीक्षणासाठी जागा राखली होती. रंगनाथने पाठवली ती एकच ओळ: ‘टेलिव्हिजनवरील खेळ: निकाल राखून ठेवण्यात आला आहे.’ उरलेल्या जागेत डोक्याच्या तेलाची जाहिरात गेली.

याला आता तीन आठवडे होतील. टेलिव्हिजन कोठीशेजारी आहे आणि मशीन खिडकीत. आमोसनी आपला डबा दोनदा मागितला. दोन्ही वेळा त्यांना चहा मिळाला. सेल एकदा बदलून झाले. रोज संध्याकाळी शेजारच्या कडूबाई मालनबाईंसमोर खेळायला बसतात आणि आप्पासाहेब मागे बोट धरून उभे असतात. खेळ नेमका कसा दिसतो हे त्यांना अद्याप माहीत नाही.

बुशशर्टाला काल संध्याकाळपर्यंत एकच बाही लागली होती. रंगनाथ चौकशीला गेला, तेव्हा मालनबाई मान न वळवता म्हणाल्या, ‘‘उजेड लई चांगला हाय, भावजी. येळच गावत न्हाई.’’