फायलींच्या वेळा लावणारे परुळेकर

परुळेकरांना वेळ विचारली की डोक्याला ताप ठरलेला. "दहा वाजून सतरा मिनिटं, अठ्ठावीस सेकंद," ते म्हणायचे, आणि आपण पाठ फिरवेपर्यंत, "आता एकतीस." सव्वादहा हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा.

मुलुंडच्या एका औषध कारखान्यात आम्ही दोघं कॉम्प्युटर विभागात होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर तेव्हा एसीत बसायचा आणि आम्ही चपला बाहेर काढून त्याच्या दर्शनाला जायचो. परुळेकर पन्नाशीचे, मूळचे मालवणकडचे. मी पंचविशीची, जिभेला हाड नसलेली.

त्यांचं वेड म्हणजे फायलींच्या तारखा. कुठलीही फाईल शेवटची कधी बदलली, ती तारीख-वेळ मशीन आपणहून नोंदवून ठेवतं. पण वीज गेली की मशीनचं घड्याळ बिघडायचं आणि फायलींवर भलत्याच तारखा पडायच्या. आम्ही कुणी तिकडे ढुंकून बघत नसू. परुळेकरांना मात्र जेवण गोड लागायचं नाही. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. फाईलचं नाव आणि खरी वेळ दिली की तो थेट ऑपरेटिंग सिस्टीमला सांगायचा, हिची वेळ एवढी कर. ती गुमान करायची. खऱ्या वेळा ते रोज संध्याकाळी एका वहीत उतरवून ठेवत. "तारीख म्हंजे फायलीची जन्मवेळ गो," ते मला सांगायचे. मी विचारायचे, पत्रिका जुळवायच्यात का? ते हसायचे नाहीत.

त्या वर्षी थंडीत त्यांची बायको, सुमनताई, तापाचं निमित्त होऊन गेली. आठव्या दिवशी परुळेकर कामावर हजर, आणि पुन्हा वही. बाई गेली तरी याचे सेकंद काही सुटत नाहीत, असं मी कँटीनमध्ये म्हणाले होते. आज लाज वाटते.

मग एका शनिवारी, ते रजेवर असताना, डिस्क भरली. मी सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्या, जुन्या उडवल्या आणि काम झकास झालं म्हणून चहा मागवला. सोमवारी परुळेकरांनी यादी बघितली आणि मटकन खुर्चीत बसले. नुसती कॉपी केली की मशीन ती फाईल नवी धरतं. सगळ्यांवर शनिवारची तारीख.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती वही उघडली. मी वेळा वाचत गेले, ते लावत गेले. संध्याकाळी वही संपली तेव्हा एकच फाईल उरली. तिचं नाव 'सुमन'.

ही वहीत का नाही, मी विचारलं. खासगी फाईल ऑफिसच्या वहीत कशी लिहायची, ते म्हणाले.

त्यांनी ती उघडली. आत इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती: आज तरी लवकर या. तेव्हा मला आठवलं. दसऱ्याच्या यंत्रपूजेला घरच्यांना कारखान्यात यायची मुभा असे. सुमनताई आल्या होत्या, आणि मीच त्यांना खुर्चीत बसवून म्हटलं होतं, लिहा नवऱ्याला काहीतरी. एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी ते लिहिलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो.

"नाय गेलंय मी लवकर," परुळेकर म्हणाले. मग कीबोर्ड पुढे ओढून, "दिवस ठाऊक हा. वेळ नाय. तू होतंस ना गो तेव्हा? किती वाजलेले?"

मला कुठलं आठवायला! तीन असतील, साडेचार असतील. मी कधी घड्याळाकडे बघतच नसे. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"तीन वाजून बेचाळीस मिनिटं," मी म्हणाले.

त्यांनी ते टाइप केलं आणि थांबले. "सेकंद?"

"एकोणीस."

मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं नसेल, असं मला आजही वाटत नाही. त्यांनी एकोणीस टाकलं, आणि बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले.