रायफलीचा डिस्चार्ज

रंगनाथ हवालदार आपल्या रायफलीला 'बाई' म्हणत आणि दर आठवड्याला तिचा एकेक अवयव कापून मला दाखवायला आणत.

तिसगावच्या अलीकडे त्यांचं गाव. रायफल घोंगडीत गुंडाळून, मांडीवर आडवी घेऊन ते एस.टी.नं नगरला यायचे. कंडक्टर चेष्टेनं विचारायचा, "हवालदार, बाईंचं तिकीट?" हे गंभीरपणे सांगायचे, "मांडीवरच्या लेकराला तिकीट नसतं."

माझं नगरला बंदुका-काडतुसांचं दुकान. ते मला कुणी आंदण दिलेलं नाही. छावणीच्या लिलावातले गंजके डबे डोक्यावर वाहून मी ते उभं केलं. वस्तू हातात घेतली की तिचं मोल मला कळतं. म्हणून सांगतो, या माणसानं माझं जे नुकसान केलं ते कुठल्या दलालाला जमलं नसतं.

रायफल पहिल्या महायुद्धातली. विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबानं ती हवालदारांच्या नावावर रीतसर करून दिलेली. नळीच्या टोकापर्यंत अक्रोडाचं लाकूड, संगीन अडकवायचा खुंटा, पट्ट्याच्या पितळी कड्या, बाजूला पलटणीचा शिक्का. कानस म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. पुण्याचे एक इनामदार अशा जुन्या हत्यारांचे शौकीन. त्यांची अट एकच, जशी कारखान्यातून निघाली तशी हवी. हवालदारांचे गुडघे गेलेले, लायसनसाठी कचेरीत खेटे घालवत नव्हते, म्हणून ते विकायला तयार झाले. मी बजावलं, "इनामदार येईपर्यंत हिला हात लावू नका."

पुढच्या आठवड्यात घोंगडी उलगडली, तर पुढचं लाकूड निम्मं कापलेलं.

"हे काय केलंत?"

"शिकारीची बंदूक केली, शेठ. कशी हलकी झालीय बगा बाई."

"भाव हलका झाला, हवालदार. लष्करी रायफल पैठणीसारखी असते. फाडून परकर-पोलकं शिवलं तर अंगाला बसेल, पण पैठणी राहील का?"

"आमच्या घरात पैठनी कवा आलीच न्हाई. परकर-पोलक्यावरच समदी वाढली."

त्याच्या पुढच्या खेपेला खुंटा गेला. मग कड्या. दर वेळी मी दुकान डोक्यावर घ्यायचो आणि ते शांतपणे म्हणायचे, "लाकूड गेलं, संगीन गेली. पलटनीतनं निम्मा डिस्चार्ज झाला."

बरं, शिकार तरी करावी. या माणसानं आयुष्यात ससा मारला नाही. त्यांच्या बाजरीत ससे नाचायचे. हे म्हणायचे, "खाऊ द्या, त्यानलाबी पोट हाय." त्यात शिकारबंदीचा कायदा येतोय अशी बोलणी सुरू झालेली. दुकानात गिऱ्हाईक म्हणजे चौकशीला आलेले शिपाई, आणि काडतुसांवर धूळ. इनामदारांसारखा घेणारा पुन्हा या उंबऱ्यावर येणार नव्हता, हे मला दिसत होतं. आणि हातात काय, तर ना पलटणीची ना रानाची अशी रायफल.

इनामदारांच्या मी हातापाया पडलो. शेवटी ते म्हणाले, "शिक्का शाबूत असेल तर बघू." तशीच एस.टी. धरली.

हवालदार ओसरीवर बसले होते. रायफल मांड्यांवर, हातात कानस. लायसनच्या नंबरावर त्यांनी ओली चिंधी बांधलेली. "सरकारचा नंबर हाय, त्याला लागाया नगं," म्हणाले. आणि शेजारी, पलटणीच्या शिक्क्यावर, कानस चाललेली.

माझा तोल गेला. "एवढा एक शिक्का राहिला होता. त्याच्यावर तुमची-माझी अब्रू होती. कुणाचं वैर काढताय हो या बिचारीवर?"

त्यांच्या मंडळी दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "सांगा की आता. कवाच्यान इचारत्यात त्ये."

हवालदारांची कानस थांबली.

"थोरला पोरगा सुट्टीवर आला हुता. बांगलादेशची लढाई झाली, त्याच्या आदुगरच्या उन्हाळ्यात. हितंच बसला. म्हनला, दादा, माज्यानं निभत न्हाई. पलटनीतनं माजं नाव काडून घ्या. साहेब तुमाला वळखत्यात, तुमचं ऐकत्याल."

"मग?"

"मी म्हनलं, हवालदाराचं पोरगं हाईस. नोकरी पुरी कर."

मंडळी आत निघून गेल्या.

थोरला लढाईत कामी आला हे मला माहीत होतं. तालुक्यात सगळ्यांनाच माहीत होतं. हवालदारांच्या सत्काराला मीही एक नारळ दिला होता.

"तो काय लढाईला भ्याला न्हवता, शेठ," हवालदार म्हणाले. "त्याला निस्तं घरी यायाचं हुतं. येवडंच. आन मला त्याची लाज वाटली."

मी रायफलीकडं पाहिलं. अर्धा शिक्का अजून वाचता येत होता. अर्ध्या शिक्क्यावरही इनामदारांना वळवलं असतं. तेवढी जीभ माझ्याकडं आहे. आयुष्यभर तीच कमावलीय. मी तोंड उघडलंही.

हवालदारांनी पुन्हा कानस लावली. रायफल मांडीवर हलत होती, कानस सारखी चिंधीकडं घसरत होती.

"जरा धरता का, शेठ? हालतीया."

मी चहा बाजूला सारला, त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो आणि नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.